भंडाऱ्यासाठी बांधलेली पिशवी

कॅमेरा मागायला मी ज्यांच्या दारात गेलो, त्यांच्या धंद्याविरुद्ध सहा महिन्यांपूर्वी मीच पत्रक काढलं होतं. ‘लग्नाचं शूटिंग बंद करा’ असा मथळा. आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे मी जन्मायच्या आधीपासूनचे. माझी भाषा तिथूनच आली, तापटपणाही. शिरवळात लग्नाचं शूटिंग करणाऱ्या चाचांनी ते पत्रक दुकानाच्या काचेला चिकटवून ठेवलं होतं.

“लय कडक लिवलंयस,” ते म्हणाले. “आता माफी मागाय आलायस व्हय?”

“नाही चाचा. कॅमेरा मागायला.”

ते खोकला लागेपर्यंत हसले.

मेढ्याकडचा माझा मित्र सैन्यात आहे. हिमाचलात बर्फावरून घसरण्याच्या शर्यतीत तो उतरणार होता. पोरगं तिकडं नेमकं काय करतं, हे त्याच्या आईला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. शूटिंग करायला मी जाणार होतो, पण मोबाईल तिकडच्या थंडीत बंद पडतो, हे मित्रानं आधीच बजावलं होतं.

चाचांकडे एकच कॅमेरा. “शुक्रवारी लगीन हाय. गुरुवारी हितं पायजे,” एवढंच म्हणाले. मग खंडोबाच्या यात्रेत भंडारा उधळतात तेव्हा कॅमेरा कसा झाकायचा, ते करून दाखवलं. जाड पारदर्शक पिशवी, काचेपुरतं भोक, कडेला घट्ट रबर, फटींवर चिकटपट्टी. “बर्फ म्हंजे पांढरा भंडाराच की रं.”

हिमाचलात तीन दिवस ती पिशवी टिकली. मित्र उतारावरून यायचा, वळताना पायांखालचा बर्फ उडवायचा, आणि तो प्लॅस्टिकवरून घसरून जायचा. जादा बॅटऱ्या मी बनियनच्या आत छातीशी ठेवल्या होत्या. शर्यत पुरी टिपता आली.

चूक केली ती मायेपोटी. कॅमेरा गारठला असेल म्हणून खोलीत आणला, पिशवी सोडली आणि शेगडीजवळ ठेवला. ताकाच्या गार तांब्यावर जमतात तसे थेंब त्याच्यावर जमले. काच आतून पांढरी झाली. भंडारा झटकला की जातो. हे पाणी झटकून जाणारं नव्हतं.

“सुकंल रं. चाचास्नी कशाला सांगतोस?” मित्र म्हणाला.

मी पत्रकांतून गावाला खरेपणा शिकवणारा. तरी फोन हातात घेऊन बराच वेळ तसाच बसलो. मग लावला.

चाचांनी आधी विचारलं, “चालू केलास का?”

“नाही.”

“करू बी नको. शेगडीपास्नं लांब घे. बॅटरी काढ, कार्ड काढ, पुसाय जाऊ नको. आपसूक सुकू दे.” मग म्हणाले, “एसी हॉलमधनं मांडवात आलं की आसंच धुकं धरतंय. पिशवी भोकासकट बाहेरच बंद करायची, आन् आत कॅमेरा खोलीएवढा कोमट झाल्याबिगर सोडायची न्हाई. म्या सांगाय पायजे हुतं.”

शिव्या दिल्या असत्या तर मी भांडलो असतो. त्यांनी अर्धी चूक स्वतःकडे घेतली. मी बॅटरी आणि कार्ड काढायला बसलो.

गुरुवारी दुकानात चाचांनी कॅमेरा उजेडात धरून काच तपासली. कॅमेरा चालू झाला. एका कोपऱ्यात मोहरीएवढा डाग राहिला होता. “नवरीच्या तोंडावर न्हाई येऊ देणार,” ते म्हणाले. मित्राची आई दुकानातच बसली होती. पडद्यावर लेक सुसाट खाली आला तशी ती म्हणाली, “आवं, ह्याच्या कानाला काय गुंडाळलंय का न्हाई?”

मी दुकानाच्या काचेवरचं पत्रक काढायला गेलो.

“ऱ्हाऊ दे. वाचाय लोक थांबत्यात.”

शुक्रवारी मी त्यांच्याबरोबर लग्नाला गेलो. लग्नातली उधळपट्टी मला आजही मान्य नाही, आणि तसं मी लिहीत राहणार. पण मंगलाष्टकं संपली, चारी बाजूंनी अक्षता आल्या, तेव्हा माझे दोन्ही तळहात त्या कॅमेऱ्यावर आडवे होते.