गळक्या गाडीत गॅस नाही

आमच्या वन्सं एकदा नाही म्हणाल्या की नाही. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूबाईंनी पहिली ताकीद दिली ती हीच. "भाजी करपली तरी चालेल, पण हिच्याशी वाद घालू नकोस. दमशील."

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. सासऱ्यांचं गॅरेज होतं आणि दोन्ही भावंडं ऑइलच्या वासातच वाढली. पण गॅरेज मिळालं मुलाला आणि मुलीला मिळाला एका शिंप्याच्या घरचा संसार. वन्सं रुसून बसल्या नाहीत. बर्फाच्या कारखान्यात कामाला लागल्या, मोठमोठे कॉम्प्रेसर खोलायला शिकल्या, आणि कारखान्याला टाळं लागलं तेव्हा सरळ आमच्या गॅरेजात येऊन उभ्या राहिल्या. "एसीचं काम आजपासून मी बघणार," म्हणाल्या. विचारलं नाही, सांगितलं.

आमचे हे इंजिनाच्या कामाला वाघ, पण एसीच्या बाबतीत त्यांचा एकच मंत्र. गार हवा येत नाही? भरा गॅस. गिऱ्हाईक खूश होऊन जायचं आणि महिन्याभरात घामाघूम होऊन परत यायचं. वन्संना ते बघवायचं नाही.

"अरे, तो गॅस म्हणजे पेट्रोल आहे का जळून संपायला? बंद नळ्यांतून गोल गोल फिरतो तो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. भोक पडलेल्या बादलीत पाणी ओतणाऱ्याला काय म्हणतात माहीत आहे ना?"

"बादलीचं दुकान नाही आपलं, ताई. गॅरेज आहे," हे म्हणायचे. रोजचंच होतं ते. मी काउंटरवर बसून फोन घ्यायचे आणि दोघांचं ऐकायचे.

त्यात एक दिवस सिस्टर आल्या. या सिस्टर घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांचं बघतात. ड्रेसिंग, इंजेक्शन, कूस बदलणं. जुनी छोटी गाडी, तिच्यात सगळा दवाखाना. आमच्याकडे गॅस भरून घ्यायला त्या नेमाने यायच्या. त्या दिवशी मात्र चेहरा उतरलेला. आदल्या दिवशी भर दुपारी सिग्नलला त्यांना भोवळ आली होती. मागच्या माणसाने हॉर्न वाजवला म्हणून शुद्धीवर आल्या.

"तेवढा गॅस भरून द्या," त्या म्हणाल्या. "पुढचा पेशंट वाट बघतोय."

"नाही भरणार," वन्सं म्हणाल्या.

सिस्टर बघतच राहिल्या. हे गाडीखालून बाहेर आले. "ताई, अगं त्या बिचाऱ्या..."

"बिचाऱ्या आहेत म्हणूनच. गळक्या गाडीत मी गॅस घालणार नाही. आधी गळती शोधू. सिस्टर, तुम्ही पेशंटची जखम न बघता नुसती पट्टी बदलता का?"

सिस्टरना हसू आलं. गाडी ठेवून त्या रिक्षाने गेल्या.

वन्संनी उरलासुरला गॅस यंत्राने ओढून बाटलीत घेतला. हे तो नळी सैल करून फुस्सकन सोडून द्यायचे. वन्संच्या देखत तशी कुणाची छाती नव्हती. मग नळ्यांत नायट्रोजन दाबून भरला आणि प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावत सुटल्या. फेस वाळून गेला, बुडबुडा एक नाही. दाबाचा काटा सकाळपर्यंत तसूभर हलला नाही.

"मिळाली गळती?" यांनी चहा पिता पिता विचारलं.

"कंडेन्सर असणार," वन्सं म्हणाल्या. गाडीच्या नाकाशी ती जाळी असते ना, गॅसची उष्णता बाहेर टाकणारी, तिच्यावर खडी उडून काट्यालाही कळू नयेत इतकी बारीक भोकं पडतात. त्यांनी पुढचा सगळा भाग उतरवला, कंडेन्सर काढला, तोंडं बंद करून त्यात हवा भरली आणि धुण्याच्या टबात बुडवला. शेजारचा टायरवाला आणि समोरचा रंगारी कामं सोडून टबाभोवती उभे राहिले. पाणी शांत. एवढं शांत की त्यात वन्संचा पडलेला चेहरा स्वच्छ दिसत होता.

"मासे तरी सोडा आता त्यात," रंगारी म्हणाला. सगळे खो खो हसले. हेही हसले. मला ते आवडलं नाही.

"चुकले," वन्सं म्हणाल्या. "कंडेन्सर नाही. म्हणजे दुसरीकडे कुठेतरी आहे." आणि हात पुसून सगळं परत जोडायला बसल्या.

पुढचा उपाय रंगाचा. गॅसमध्ये चमकणारा रंग मिसळायचा, गाडी फिरवायची आणि निळ्या-जांभळ्या दिव्याखाली कुठे हिरवं चमकतं ते बघायचं. वन्संनी रंग घातला, मोजून गॅस भरला आणि सिस्टरना सांगितलं, "हा भरलाय तो पळून जाऊ द्यायला नाही, पकडायला. दोन दिवस कामावर न्या आणि परत आणा." पण त्या दिव्याला अंधार लागतो आणि आमच्या गॅरेजला तीन बाजूंनी ऊन. तेव्हा आमच्या नणदोयांनी, म्हणजे वन्संच्या शिंपी यजमानांनी, काळ्या अस्तराचा एक भलामोठा झगा शिवून आणला. बॉनेटवर टाकला की आत काळोख. "आजवर घेतलेल्या मापांत हे सगळ्यात जाडं गिऱ्हाईक," ते म्हणाले.

सिस्टरची गाडी परत आली तशा आम्ही दोघी झग्यात शिरलो. आत भट्टी पेटल्यासारखं होत होतं. वन्सं दिवा फिरवत होत्या. कुठे काही नाही, कुठे काही नाही, आणि मग इंजिनाच्या मागच्या बाजूला एका नळीच्या टोकाशी, जिथे रबर आणि धातूचा नळ कडी दाबून एकत्र बसवलेले असतात, तिथे नखाएवढा हिरवा डाग.

"दिसलं?"

"दिसलं! पण वन्सं, इथे तर तुम्ही साबण लावला होता."

"तेच तर. उभ्या गाडीत गळत नाही आणि चालत्या गाडीत गळतं. का?"

त्यांनी पुन्हा गॅस काढून घेतला, नायट्रोजन भरला, चाकांना ठोकळे लावले आणि मला म्हणाल्या, "स्टिअरिंगवर बस आणि गाडी चालू कर. हँडब्रेक ओढ, पाय ब्रेकवर. पहिला गिअर टाक आणि क्लच अगदी हळू सोड. मी हात वर केला की दाब." स्वतः बाजूला उभ्या राहून त्यांनी त्या जोडावर फेसाचा गोळा ठेवला. मी क्लच जरासा सोडला. गाडी जागची हलली नाही, पण बॉनेटखाली इंजिनाने असा झोका घेतला की मला सीटवर जाणवलं. आणि वन्सं ओरडल्या, "आला! आला!"

मी गाडी बंद करून धावले. फेसात टपोरे फुगे अजून दिसत होते. इंजिन झोका घेई तेव्हा नळी ताणली जाई आणि जोडाचं तोंड उघडे. इंजिन थांबलं की जोड पुन्हा मिटून बसे. उभ्या गाडीत जन्मभर शोधलं असतं तरी सापडलं नसतं.

वन्सं गाडीखाली गेल्या आणि लगेच बाहेर आल्या. आता चेहऱ्यावर आनंद नव्हता. "इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर बसतं ना, ते फाटलंय," यांच्याकडे बघत त्या म्हणाल्या. "भंगारातलं आहे. तू बसवलेलं."

हे माझ्याकडे बघेनात, त्यांच्याकडेही बघेनात. "नळी बदल आणि विषय संपव," म्हणाले. "माउंटिंगचं मी नंतर बघतो. सिस्टरना काही बोलायची गरज नाही."

"नवीन नळीसुद्धा तशीच फाटेल. आणि बोलणार तर मी आहेच."

"गॅरेज माझं आहे, ताई!"

"आणि भोवळ त्यांना आली होती."

"बोललीस तर उद्यापासून इकडे यायचं नाही."

वन्संनी आपली हत्यारांची पेटी ओढली. पाने उचलून पेटीत टाकायला लागल्या. एकेक पाना असा आपटत होता की टायरवाला डोकावून गेला. त्या पेटीवर यांनी हात ठेवला नाही, अडवलं नाही. तेव्हा मी काउंटरच्या किल्ल्या काढल्या आणि यांच्या पुढ्यात ठेवल्या.

"हे काय?" यांनी विचारलं.

"वन्सं जाणार तर मीही जाते. उद्यापासून फोन तुम्ही घ्या. आणि सिस्टर आल्या की गॅस कुठे गेला तेही तुम्हीच सांगा."

"तू पण?"

"हो. मी पण."

सिस्टर तेवढ्यात आल्याच. वन्संनी पेटी खाली ठेवली आणि फाटलेलं रबर दाखवून सगळं सांगितलं. कोणी बसवलं तेही. आवाज चढवला नाही की गुळमुळीत केलं नाही. सिस्टरनी यांच्याकडे एवढा वेळ बघितलं की त्यांना मान खाली घालावी लागली.

"दुसरीकडे नेऊ का गाडी?" त्यांनी वन्संना विचारलं.

"नेऊ शकता. पण गळती मी शोधलीय, मिटवायचीही मलाच आहे."

"मग मिटवा."

संध्याकाळी हे कुठेसे गेले आणि नवं कोरं माउंटिंग घेऊन आले. गाडीखाली शिरून स्वतः बसवलं. वन्संनी नवी नळी लावली, रबरी कड्यांना तेलाचं बोट फिरवून त्या बसवल्या, नळ्यांतली हवा पंपाने ओढून काढली, काटा स्थिर राहतो का बघितला आणि वजन करून गॅस भरला. सिस्टर गार वाऱ्यात डोळे मिटून दोन मिनिटं नुसत्या बसल्या होत्या.

दोघा भावंडांचा अबोला पुष्कळ दिवस टिकला. पाने मागायचे तेही माझ्यामार्फत. सॉरी वगैरे यांनी म्हटलं नाही, वन्संनी मागितलंही नाही. पण उन्हाळा सरला तरी सिस्टर गॅससाठी परत आल्या नाहीत, आणि त्यांनी पाठवलेली माणसं मात्र यायला लागली.

परवा एक साहेब आले. घाईत होते. "फक्त गॅस भरा, बाकी लेक्चर नको." यांनी गाडीखालूनच हाक दिली, "त्या बाईंशी बोला. माझं काही चालत नाही."

"गळती शोधल्याशिवाय भरत नाही," वन्सं म्हणाल्या.

साहेब तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत, खिडक्या खाली करून निघून गेले. वन्संनी पदराला हात पुसले आणि मला म्हणाल्या, "चहा टाक गं. आलं जरा जास्त घाल."