आडवी गिटार

"नाही म्हणजे कुठून नाही?"

समोरच्या माणसाने कशालाही नकार दिला, की ताई मान किंचित कलवून हा प्रश्न विचारीत. त्यात भांडण नसे. चीर गेलेला कप आपण उजेडात धरतो आणि ती कुठून सुरू झाली ते पाहतो, तसा त्या नकार उजेडात धरीत. अंबरनाथच्या आनंदनगरमधल्या एका कारखान्यात त्यांनी निवृत्तीपर्यंत तपासणी विभाग सांभाळला होता. तयार झालेला भाग पुढे जाणार की परत, हे त्या ठरवीत. कारखाना सुटला, पण ही सवय घरी आली.

आमच्या कात्रपच्या इमारतीतली लिफ्ट एकदा बंद पडली. दुरुस्तीला आलेला माणूस "होणार नाही" असे म्हणून हत्यारे आवरू लागला, तेव्हा ताई जिना उतरून त्याच्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. "नाही म्हणजे कुठून नाही? मोटारीतून, वायरीतून, की तुमच्या मनातून?" लिफ्ट दुपारी चालू झाली. अशी माणसे तुमच्याही शेजारी राहून गेली असतील. सुरुवातीला आपण त्यांना जिन्यात चुकवतो. मीही चुकवीत असे.

आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत होती, आणि त्या भिंतीतून संध्याकाळी सतार ऐकू येई. कुकरच्या शिट्ट्या थांबल्या, की ती सुरू होई. एके वर्षी ती थांबली. पुष्कळ दिवस भिंत मुकी राहिली, तेव्हा मी त्यांची बेल वाजवली. त्यांनी डावा हात पुढे केला. संधिवाताने बोटे करंगळीच्या बाजूला कलली होती, सतत एकाच दिशेच्या वाऱ्यात वाढलेल्या झाडांसारखी. सतारीवर तार बोटाखाली दाबून बाजूला खेचतात, तेव्हा एक सूर न तुटता दुसऱ्यात वितळतो. त्याला मींड म्हणतात. ती खेचणारी बोटे आता राहिली नव्हती. सतार त्यांनी एका शिष्येला देऊन टाकली होती.

"मग आता?" मी विचारले.

"आता दुसरं वाद्य."

"पण ताई, बोटं…"

"बोटं दाबायला नाहीत. धरायला आहेत अजून."

त्यांनी सारा विचार करून ठेवला होता. लहानपणी अंबरनाथला कॉलनीच्या गणपतीत एक ऑर्केस्ट्रा येई, आणि त्यात एक गृहस्थ हवाईयन गिटार वाजवीत. ही गिटार छातीशी धरत नाहीत. ती मांडीवर आडवी ठेवतात, डाव्या हातात पोलादी कांडी धरून तारांवरून सरकवतात, आणि उजव्या हाताने तारा छेडतात. बोटांनी काही दाबायचे नसते. कांडी सरकते आणि मींड आपोआप उमटते. एके काळी लग्नाच्या मांडवातही ती असे. आता दुकानात विचारले, तर विक्रेता उभी गिटारच पुढे करतो.

घाई होती, आणि तिचे कारण त्यांनी मला त्याच दिवशी सांगितले. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी सकाळी ठणका लागू लागला होता. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. उजवा हातही त्याच वाटेने जाणार होता. तो जायच्या आत गिटार मिळवायची आणि वाजवायची, एवढीच गोष्ट होती.

मी कविता लिहिते आणि उल्हासनगरच्या महाविद्यालयात शिकवते. तिथल्या एका सिंधी सहकारी मैत्रिणीपाशी मी हा विषय काढला, तेव्हा ती म्हणाली, "अरे, हमारी दादी के घर में एक लेटी हुई गिटार है. दादाजी की."

पुढच्या रविवारी आम्ही उल्हासनगरला त्या घरी गेलो. खाली जीन्स शिवायचा कारखाना होता. मशीनची घरघर जिन्यातून आमच्या तळपायांत चढत होती. दादी पलंगावर बसल्या होत्या. सिंधी घरातल्या रिवाजाप्रमाणे आधी पाणी आले, भाजलेला पापड आला. मग कपाटावरून चादरीत गुंडाळलेली गिटार उतरवली गेली. चादर सोडताच डांबरगोळ्यांचा आणि बंद लाकडाचा वास खोलीभर झाला. तारा दोनच उरल्या होत्या. खुंट्यांवर हिरवट गंज होता. तारांना पेलणारी घोडी एका बाजूने उखडून वर आली होती.

ताईंनी लाकडावर बोटाच्या पेराने ठिकठिकाणी टकटक केले आणि कान लावला. "पोट बसलेलं नाही," त्या मला हळूच म्हणाल्या. "आवाज आहे आत."

"देखने आई हो तो देख लो," दादी म्हणाल्या. "बेचनी नहीं है."

"नहीं मतलब कहाँ से नहीं, दादी?"

मैत्रीण कानकोंडी झाली. दादींनी पापडाचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "बेचूँगी तो किसी दुकान में टँगेगी. ये टाँगने की चीज़ थी क्या? वो शाम को इधर पलंग पर बैठके बजाता था, मैं उधर सब्ज़ी काटती थी. वो गया, तो सब्ज़ी काटना भी लंबा हो गया."

"तो मत बेचो," ताई म्हणाल्या. "मुझे दे दो. ठीक करके इसी पलंग पर बैठकर आपको सुनाऊँगी. नहीं बजा सकी तो गिटार वापस."

दादींची नजर त्यांच्या बोटांवर गेली. "इस हाथ से?"

"इसी हाथ से."

"ज़िद्दी औरत है," दादी नातीला म्हणाल्या. मग ताईंकडे वळून, "ले जा. लेकिन पापड़ पूरा खाके जा."

घोडी चिकटवायला ताईंनी गिटार उल्हासनगरच्याच फर्निचर बाजारातल्या एका पॉलिशवाल्याकडे दिली. लाकूड आणि सरस यांत त्याचा हात नावाजलेला होता. त्याने घोडी उत्तम बसवली. पण त्या गल्लीत वस्तूचा मान तिच्या चकाकीवर ठरतो. दिवाण असो की देव्हारा, त्यात चेहरा दिसला पाहिजे. गिटार परत आली ती आरशासारखी. घोडीपासून पाठीपर्यंत पॉलिशचा जाड थर होता.

"मॅडम, एकदम शोरूम पीस करून दिला," तो कौतुकाने म्हणाला. "पॉलिश माझ्याकडून. म्युझिकवाल्यांसाठी आपलं एवढं चालतं."

ताईंनी तिथेच एक तार चढवून छेडली. सूर ओल्या पोत्याखालून आल्यासारखा आला. लाकडाला थरथरायला जागाच उरली नव्हती. मला वाटले, आता त्या बोलणार. त्यांनी गिटार उजेडात फिरवून पाहिली.

"चमक सुंदर आहे. आता ती काढायची कशी, तेही तुम्हीच सांगा."

त्याचा चेहरा पडला. "काढायची? लोक लावायला येतात, मॅडम."

"मी तपासणीतली बाई. आमच्याकडे सगळे उलटेच येतात."

तो थोडा हसला. मग नाइलाजाने म्हणाला, "काचेने खरवडा. फुटलेल्या काचेची धार. पॉलिशपेपर मारू नका, त्याने लाकूडही जाईल."

तो हिवाळा आम्ही ताईंच्या गॅलरीत काढला. पूर्वेचे कोवळे ऊन तिथे फार वेळ टिके. काचेच्या धारेखाली पॉलिश भुकटी होऊन निघे, आणि त्या भुकटीला करपलेल्या साखरेचा वास येई. पाठ आणि कडा माझ्याकडे होत्या. घोडीच्या भोवतीचे नाजूक काम त्या स्वतः करीत, उजव्या हाताने.

"शब्द खोडतेस तसं खरवडू नकोस, कवयित्रीबाई," त्या म्हणत. "रेषेच्या दिशेने जा. उलटी गेलीस की ते चिडतं."

एका सकाळी अंगठ्याचे मूळ तांबडे झालेले मला दिसले. मी त्यांच्या हातातली काच काढून घेऊ लागले.

"हा हात तरी राखा, ताई."

"राखून ठेवला आणि गिटार अशीच राहिली, तर मग तो हात ठेवू कशावर?"

काच त्यांनी परत घेतली. संक्रांतीच्या सुमाराला थराखालून लाकूड दिसू लागले, गव्हाच्या काडासारखे फिकट, बारीक रेषांचे. त्यांनी त्यावर गाल टेकवला आणि पेराने टकटक केली. मग बराच वेळ त्यांनी गाल उचलला नाही.

पुढची अडचण कांडीची होती. बाजारात मिळालेली गोल पोलादी कांडी त्यांच्या कललेल्या बोटांतून निसटे. त्यांनी कणीक घट्ट मळली, तिची वळकटी हातात धरून दाबली, आणि तो बोटांचा ठसा डब्यात घालून आनंदनगरला एका लेथवाल्याकडे नेला. पूर्वी त्याच्याकडून कारखान्याला भाग जात, आणि त्यांतले पुष्कळ ताईंनीच परत पाठवलेले होते.

"मॅडम, ड्रॉइंग आणायचं सोडून कणीक आणलीत?" तो म्हणाला.

"ड्रॉइंगमध्ये माझी बोटं मावत नाहीत. सुकायच्या आत मापं घ्या."

"एक अट आहे. या वेळी रिजेक्ट करायचं नाही."

पहिली कांडी त्यांनी रिजेक्ट केली. मधल्या बोटाची खाच उथळ होती. दुसरी घेऊन आल्या, तेव्हा गेटपासून वरपर्यंत ती त्यांच्या मुठीतच होती.

सुरुवातीचे सूर ऐकवत नव्हते. कांडी जागेच्या थोडी अलीकडे किंवा पलीकडे थांबे, आणि सूर केकाटे. खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी जिन्यात विचारले, "मॅडम, मांजर पाळलंत वाटतं?"

"पाळलंय. अजून शिकतंय."

उन्हाळा सरता सरता ते केकाटणे मावळले. एके संध्याकाळी मी भाजी परतत असताना भिंतीतून एक सूर उठला आणि मध्ये कुठेही पाय न टेकता वरच्या सुरापर्यंत गेला. मी गॅस बंद करून भिंतीशी उभी राहिले. त्यांनी तो पुन्हा घेतला, परत घेतला.

दादींकडे जायचे ठरले होते त्या दिवशी अंगठा सुजला होता. ताई तव्यावर मिठाची पुरचुंडी तापवून शेकत बसल्या होत्या. मी म्हटले, फोन करून पुढच्या आठवड्यावर टाकू.

"पुढच्या आठवड्यात तो याहून बरा असेल, असं कोण म्हणालं तुला?" त्यांनी पुरचुंडी माझ्या हातात दिली. "रिक्षा बोलाव."

दादींनी खालची मशीन बंद करायला लावली. इतक्या वर्षांत दिवसाउजेडी ती प्रथमच थांबली असावीत, कारण कारागीर जिन्यात येऊन बसले. ताई पलंगावर बसल्या. गिटार मांडीवर आडवी घेतली. दादींनी समोर भेंडीचे ताट ओढले आणि सुरी हातात घेतली.

ताईंनी यमनची आलापी घेतली. निषादावर कांडी बराच वेळ थरथरत राहिली आणि मग षड्जाकडे सरकली, तापल्या पळीतून तूप ओघळावे तशी. भेंडी चिरण्याचा आवाज चालू होता. मध्येच अंगठ्याने दगा दिला. एक तार नुसतीच खरडली गेली. त्यांनी ओठ घट्ट मिटले, अंगठा बाजूला ठेवला आणि एकट्या तर्जनीने पुढचे सूर छेडले. गती अर्ध्यावर आली, पण धागा तुटला नाही. कुठेतरी सुरीचा आवाज थांबला होता. केव्हा, ते मला कळले नाही.

वाजवणे संपले. ताई दादींकडे पाहत होत्या, निकालाची वाट पाहत. दुसऱ्यांच्या कामाचा निकाल देणाऱ्या त्या बाईला असे ताटकळलेले मी कधी पाहिले नव्हते.

"वो इतना अच्छा नहीं बजाता था," दादी म्हणाल्या.

ताईंची मान किंचित कलली.

"बहुत गलती करता था. रोज़ उसी जगह पे. मैं इधर से चिल्लाती थी, फिर गलत." दादींनी सुरी पुन्हा उचलली. "एक बार और बजा. थोड़ी गलती कर."

जिच्या हातून चुकलेला भाग कधी पुढे गेला नाही, तिला हे कुणी सांगावे. ताई आधी गालात हसल्या, मग मोठ्याने. "आज अंगूठा है ना, दादी. वो करेगा."

त्यांनी पुन्हा वाजवले, अंगठ्यासकट. तो अडखळेल तिथे अडखळू दिला. "फिर गलत," दादी भेंड्या चिरता चिरता म्हणत राहिल्या. त्यांचे डोळे वाहत होते, आणि त्या ते पुसत नव्हत्या.

उजवा हात डॉक्टरांनी सांगितले होते तसाच गेला, पण हळूहळू. मधल्या काळात भिंतीतून पुष्कळ संध्याकाळी येऊन गेल्या. मग पेला धरणेही कठीण झाले, आणि नाशिकचा भाचा न्यायला आला. सामान टेम्पोत चढले.

"मावशी, गिटार पण टेम्पोत देऊ या. पांघरुणांत नीट राहील," तो म्हणाला.

"ही मांडीवरची आहे. मांडीवर येईल."

प्रवासात तारा सैल करून ठेवतात. त्यांनी मात्र सकाळी मला बोलावून त्या सुरात लावून घेतल्या होत्या. खुंट्या मी पिळल्या, कान त्यांचा होता. आता त्या मागच्या सीटवर बसल्या, गिटार मांडीवर आडवी, आणि तारा वाजू नयेत म्हणून त्यांवर दोन्ही हात पालथे ठेवलेले. मी गाडीचे दार लावले.

गाडी फाटकातून बाहेर पडली. कोपऱ्यावरच्या गतिरोधकाशी ती हळू झाली. उघड्या खिडकीतून मला त्यांचा उजवा हात वर आलेला दिसला. मिटलेल्या बोटांच्या पाठीने त्यांनी सहाही तारा एकदम छेडल्या.