गाणं तपासणारी बाई

रेकॉर्डच्या कारखान्यात तिला सगळे ‘कानवाली’ म्हणत. साच्यातून निघालेल्या ढिगातली दर पन्नासावी तबकडी तिच्याकडे यायची. काचेच्या खोलीत हेडफोन लावून ती ऐकायची आणि खरखर कुठे आहे, सुई कुठे उडते, ते चिठ्ठीवर लिहायची. बारा वर्षं हेच काम. गाणं कसं वाटलं, हे तिला कधी कुणी विचारलं नव्हतं.

मग ते गाणं आलं. चार केसाळ पोरांचं. किंचाळणारी गिटार आणि वर ‘दार उघडा, मी निघालो’ असा गळा काढलेला. दोन आठवड्यांत त्याने शहर डोक्यावर घेतलं. पोरं केस कापून घेईनात, तेव्हा न्हाव्यांनी कपाळाला हात लावला. मुख्याध्यापकांनी गाण्यावर बंदी घातली, त्यामुळे ज्यांना येत नव्हतं त्यांनीही पाठ केलं. एका कचेरीतल्या म्हाताऱ्या कारकुनाने साहेबासमोर राजीनामा ठेवला आणि तीच ओळ गुणगुणत जिना उतरला म्हणे.

कारखाना तीन पाळ्यांत चालू लागला. कानवालीच्या वाट्याला ते गाणं दिवसाला साठ वेळा येऊ लागलं.

“वेड लागेल मला,” ती मुकादमाला म्हणाली.

“बाई, लोक रांगा लावून ऐकतायत. तुमचं आपलं बसल्या जागी चाललंय,” तो हसला.

घरी पंधरा वर्षांच्या मुलीला त्याच गाण्याने झपाटलं होतं. मामाची जुनी गिटार मागून आणून ती मैत्रिणींबरोबर वाचनालयाच्या सभागृहात गाणार होती. एका संध्याकाळी आई कामावरून आली, तशी ती दारातच उभी.

“आई, एकदा ऐक ना. मी वेगळं म्हणते.”

“दिवसभर तेच ऐकलंय गं.”

“एकदाच!”

आई चप्पल काढून पलंगाच्या कडेला टेकली. मुलगी डोळे मिटून गायली. आईला ऐकायची एकच रीत ठाऊक होती.

“दुसऱ्या कडव्याआधी श्वास मोठ्याने घेतलास. ‘दार’वर सूर घसरला. शेवटी आवाज चिरला.”

“आणि बाकी?”

“बाकी काय?”

“काही नाही,” मुलगी म्हणाली आणि गिटार खोळीत घालू लागली.

कार्यक्रमाला आई पाळी बदलून गेली, तिसऱ्या रांगेत बसली. गायली ती एक मैत्रीण. मुलगी मागे उभी राहून गिटार वाजवत होती, ओठ घट्ट मिटून. घसा बसलाय, असं मुलीने सांगितलं. घसा ठणठणीत होता, हे आईला तेव्हाच कळलं होतं. सभागृह शिट्ट्यांनी दणाणलं आणि आई मांडीवरची पर्स आवळून बसून राहिली.

पुढे कॅसेटी आल्या, कारखाना बंद पडला. मुलगी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढू लागली, तिचा संसार झाला. ते गाणं आता टूथपेस्टच्या जाहिरातीत वाजतं.

गेल्या वर्षी गच्चीवर दोघी वाळलेल्या चादरी काढत होत्या. खालच्या घरातून ती जाहिरात ऐकू आली. आईच्या मनात किती वर्षं घोळत होतं, ते तेव्हा तोंडून निसटलं.

“तू चांगली गायली होतीस गं. त्या दिवशी, घरी. मी सांगायला हवं होतं.”

मुलगी चादरीचं टोक धरून थांबली. चिडली नाही, रडलीही नाही.

“मी गाणं सोडलं, ते सगळं काही तुझ्यामुळे नाही, आई.” मग चादरीची सुरकुती सारखी करत म्हणाली, “थोडं आहे.”

“हं,” आई म्हणाली. तिने आपल्याकडचं टोक पुढे केलं, मुलीने ते घेतलं, आणि दोघींनी मिळून उरलेल्या चादरींच्या घड्या घातल्या.