वासराच्या पोटात लपवलेलं दूध

परक्याची नजर लागू नये म्हणून मी गाईचं दूध वासराच्या पोटात लपवलं. त्या काळच्या शहाण्या सुनांमध्ये माझा नंबर कितवा होता, ते यावरून तुम्हीच ठरवा.

मोठा दुष्काळ सरून दोनेक पावसाळे झाले होते. परभणीकडचे जनावरांचे एक डागदर सेनगावात मुक्कामाला होते. नव्या पेंडीनं गाईचं दूध किती वाढतं, हे त्यांना पाहायचं होतं. आमची लाल गाय नुकतीच व्यालेली, म्हणून पेंडीचं पोतं आमच्या गोठ्यात आलं आणि रोज सांजच्याला जीपमधून डागदर. हातात माप! माझ्या माहेरी दुधाची चरवीसुद्धा पदराखाली झाकून घरात नेत, आणि इथं दारात उभं राहून दूध मोजायचं म्हणे.

मग मी अक्कल चालवली. जीप यायच्या आधी वासराचं दावं सोडायचं, त्याला मनसोक्त पिऊ द्यायचं, आणि नंतर साळसूदपणे धार काढायला बसायचं. मापाचा तळ जेमतेम झाकायचा.

"पेंड तर सगळी खाते, मग दूध जातं कुठं?" डागदर डोकं खाजवायचे.

"गायच कोरड्या अंगाची हाय," मी पदराआडून सांगायची आणि हसू दाबायची.

हसू चार-पाच दिवस टिकलं. मग वासराला हगवण लागली. पांढरी, पातळ, शेपूट पार बरबटलेली. बघता बघता ते उठेनासं झालं. डोळे खोल, कान गार. सासूबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. कालवड होती, त्यांचा फार जीव तिच्यावर.

"दूध किती पाजता?" डागदरांनी विचारलं.

"एका सडाचं," मी म्हणाले. खोटं किती सरळ आलं तोंडातून!

"मग जंत असतील. औषध जबर आहे. एवढ्या अशक्त जिवाला सोसेल का, सांगता येत नाही."

त्यांनी बाटलीचं बूच काढलं आणि मी वासराच्या तोंडापुढं हात धरला.

"थांबा! मी रोज पोट फुटस्तोवर पाजलं तिला. तुमी यायच्या आधी."

"काहून?" सासूबाई ओरडल्या.

"नजर लागंल म्हनून, आत्याबाई."

डागदरांनी बूच परत लावलं. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. ते एवढंच म्हणाले, "आज दूध तोडा. कोमट पाण्यात गूळ-मीठ घालून घोटघोट पाजत राहा."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वाटी घेऊन वाकले, तर कालवड पुढच्या पायांवर उठली, पडली, पुन्हा उठली आणि दूध शोधत माझ्या पोटात अशी ढुशी दिली की मी शेणातच बसले. लुगडं भरलं. भरू दे म्हटलं! तिथंच बसून तिला दोन्ही हातांनी धरलं.

त्या सांजेला माप फेसासकट काठोकाठ भरलं. डागदरांनी मापाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खोकल्याचं सोंग केलं.

सासूबाई ओल्या चिंधीनं वासराची शेपूट पुसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माय वं, तू समदं झाकून ठिवलंस, पन ह्या शेपटीला कुठला पदर घालनार व्हतीस?"