त्यांच्या आवाजातली कॅसेट

किसनराव गेल्याचं त्यांच्या पुतण्यानं फोनवर सांगितलं, आणि माझ्या कानात त्यांचं गाणं सुरू झालं. पण माझ्या आवाजात. पडेगावला त्यांच्या घरी जाऊन बसले तेव्हाही तेच. समोर हार घातलेला फोटो, शेजारी सोनाबाई, त्यांची बायको, आणि आत माझं मीच गातेय... लाज वाटली, पण थांबवता येईना.

किसनराव मूळचे पाचोडकडचे, घरची मेंढरं. चिकलठाण्याला कारखान्यांमागून कारखाने उभे राहत होते तेव्हा हेल्पर म्हणून लागले, आणि शिफ्ट सुटली की आमच्या कलापथकात यायचे. विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्याचे दिवस ते. खेड्यांतून घरं जाळल्याच्या बातम्या येत होत्या, शहरात मोर्चे निघत होते, आणि सभेला गर्दी जमेपर्यंत आम्ही गाणी म्हणायचो. मी गुलमंडीच्या भिक्षुकाच्या घरातली, गाण्याच्या परीक्षा दिलेली, घरी थापा मारून जायचे. मला ओढून नेलं ते किसनरावांच्या शब्दांनी. ‘माळानं ठेवलं नाव मला, गेटावर झाला नंबर.’ ही ओळ वाचली आणि कागद खाली ठेववेना. नावासाठी माणसं जीव का टाकतात, हे मला कुठल्या भाषणातून नाही, या ओळीतून समजलं.

पण त्यांचा आवाज... गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये, तरी बोलते. मला तो सोसायचा नाही. फरशीवरून पत्रा ओढत न्यावा तसा. वरच्या पट्टीत फाटायचा, आणि हे नेमके तिथंच जायचे. त्यात आमच्या पथकाचा रिवाज असा, की ज्यानं गाणं रचलं त्यानं पहिली ओळ म्हणून सोडायची आणि मग गाणाऱ्यानं उचलायची. गाणं कुणाचं, ते लोकांना कळायला हवं ना. तेवढी ओळ संपेपर्यंत मी मान खाली घालून पेटीचा भाता हलवत बसायचे. सत्याग्रहात त्यांना धरलं होतं. हर्सूलच्या जेलमधून सुटून आले ते वाळलेले, पण खूश. म्हणाले, “आत रोज सांजच्याला मलाच म्हणाया लावायचे, बाई. काय करता, तुम्ही नव्हत्या तिथं.” मी हसले. तो टोमणा होता की सहज बोलणं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

ती सगळी गाणी मी घरचा टेप तालमीला नेऊन त्यावर भरून ठेवली. किसनराव समोर बसायचे, रिवाजाप्रमाणे खाकरायचे, आणि मी पॉजचं बटण दाबायचे. त्यांची ओळ झाली की बटण सोडायचं, मग माझं गाणं. त्यांच्या देखत, बरं का. “कॅसेट पुरायला पाहिजे,” म्हणायचे मी. “व्हय,” म्हणून ते मान डोलवायचे, आणि थांबलेल्या टेपपुढं ओळ पूर्ण म्हणायचे. अगदी मन लावून.

गेल्या आठवड्यात सोनाबाई घरी आल्या. “बाई, त्यांच्या आवाजातली एखादी कॅसेट असंल ना तुमच्याकडं? मोबाइलमधी काहीच नाय. ते म्हणाया लागले की मी हातातलं काम टाकून ऐकायची. लई गोड गळा.” गोड गळा... नाही म्हणायचं धाडस झालं नाही, म्हणून कॅसेट लावली. किसनराव खाकरले. खट्ट झालं. आणि मी सुरू झाले, स्वच्छ, सुरात.

सोनाबाईंनी हात वर केला. “थांबवा जरा. मागं घ्या.” मी मागं घेतलं. किसनराव पुन्हा खाकरले. “हेच,” त्या म्हणाल्या. “गाण्याआधी असंच करायचे. अजून एकदा लावा.” पुन्हा लावलं. ओळ कुठं गेली, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, निदान माझ्या तोंडून खरं निघालं असतं. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि साध्या आवाजात म्हणाल्या, “यवढंच ऐकवा, बाई. तुमचं सुरू व्हायच्या आत बंद करत चला.”

मग मी पॉजच्या बटणावर बोट ठेवून बसले. किसनराव खाकरले, की दाबायचं.