शिट्टीला सहा मतं

बपेऱ्याजवळच्या त्या गावात यादोरावांचा शब्द सहसा कोणी मोडत नसे. तलावाचं पाणी आधी कोणाच्या धानाच्या बांधीत सोडायचं, हे पंचवीस वर्षं तेच ठरवत आले होते. म्हणून शेजारचा धनीराम लोकसभेला अपक्ष उभा राहिला, तेव्हा सूचकाची सही मागायला आधी त्यांच्याच दारी आला. धान विकायला केंद्रावर चार-चार दिवस मुक्काम पडतो, हे कोणीतरी दिल्लीत सांगावं, एवढंच त्याचं म्हणणं. यादोरावांनी सही केली. ती पाहून गावातल्या आणखी नऊ जणांनी केली.

मतदानाच्या दिवशी यंत्रासमोर मात्र त्यांचं बोट धनीरामच्या चिन्हावरून, शिट्टीवरून, पुढे सरकलं. तो काही निवडून येत नाही, मत वाया का घालवायचं? त्यांनी मोठ्या पक्षाचं बटण दाबलं. बाहेर रस्त्याच्या कडेला धनीराम उभा होता. यादोरावांनी त्याला शाईचं बोट दाखवलं आणि हसले.

निकालानंतर दोन दिवसांनी गावातलाच राजकुमार भंडाऱ्याहून आला. मतमोजणीला तो एका पक्षातर्फे बसला होता. गावाच्या बूथचे आकडे त्याने पारावर वाचून दाखवले. शिट्टीला सहा. धनीरामच्या घरात मतदार पाच. सह्या करणाऱ्यांपैकी चौघे तिथेच होते. कोणी मान वर केली नाही.

संध्याकाळी धनीराम यादोरावांकडे आला.

"यादोभाऊ, पाच मतं घरची. सहावं कोणाचं, मले मालूम आहे." त्याने हात जोडले. "बाकीच्याइचं जाऊ द्या. तुमी शब्द पाळला."

यादोराव "हूं" म्हणाले.

तो गेल्यावर ललिताबाई चहाचे कप उचलत नवऱ्याला म्हणाल्या, "ते मत माह्यं होतं. तुमी सही केली होती, म्हणून म्या त्याले देल्लं." मग थोडं थांबून, "तुमी हूं काहून म्हटलं?"

यादोराव उठून अंगणात गेले.

सकाळी ते धनीरामच्या शेतावर गेले. तो शेताच्या कडेच्या धुऱ्यावरचं गवत काढत होता.

"धनीराम, ते मत माह्यं नोहोय. तुह्या वहिनीचं होय."

धनीरामचे हात थांबले. "मंग तुमचं?"

"मोठ्या पक्षाले देल्लं."

त्याने विळा खाली ठेवला. रागावला नाही. यादोरावांना वाटलं, रागावला असता तर बरं झालं असतं.

"सांगाले कायले आले, भाऊ?" तो म्हणाला. "काल रात्री पहिल्यांदा नीट झोप लागली होती."

आणि पुन्हा गवत काढू लागला. बसा म्हणाला नाही. यादोराव थोडा वेळ धुऱ्यावर उभे राहिले, मग घरी निघाले. पारावर माणसं जमली असतील, म्हणून तलावाच्या पाळीवरून, लांबच्या वाटेने गेले.