रखमाजी माळच का निवडतो

मस्तगडच्या वाचनालयातील मित्रहो, निवडीवरून पसंती ओळखता येते हे माझेच विधान अपुरे होते, एवढे मला येथे सिद्ध करायचे आहे. हा मजकूर फलकावर लावावा.

मागील बैठकीत मी रखमाजी धनगराचे उदाहरण दिले होते. खतासाठी मेंढ्या बसवायला मी त्याला दरसाल दोन वावरे देऊ करतो: एक विहिरीजवळचे, एक माळावरचे. मोबदल्याचे धान्य दोन्हीकडे सारखेच. तो माळ निवडतो. म्हणून त्याला माळ आवडतो, असा निष्कर्ष मी काढला आणि तुम्ही माना डोलावल्या.

काल माळावर लांडग्याने त्याच्या दोन मेंढ्या नेल्या. आज सकाळी मी त्याला म्हणालो, "विहिरीजवळ मुक्काम असता तर वाचल्या असत्या. पण तुला माळच आवडतो."

त्याची बायको भागाई बोलली, "आवडायला ती काय ह्यांची सासुरवाडी हाय, मालक? पाण्याजवळ कोणाला नको? तिथं एका मेंढीनं तुमच्या हरभऱ्याला तोंड लावल्तं, तवा तुमी चावडीम्होरं ह्यांचं मुंडासं उतरवलं. तुमी इसरलात. हे न्हाई इसरले."

मी खरोखरच विसरलो होतो.

दुपारी चावडीपुढे त्याला गाठून मी विचारले, "सर्वांदेखत माझ्या हाताने तुला मुंडासे बांधू का?"

"इचार करून सांगतो," तो म्हणाला.

त्याच्या भीतीला मी त्याची आवड म्हटले, ही माझी चूक.

दत्तोपंत
पिंपळगाव रेणुकाई, निजाम इलाखा